नदीकाठचे किल्ले आणि वाडे: भरती-ओहोटी बघून बेत कसा आखावा?

मांडवीकाठ
आमच्या वाचनालयाची दोन दिवसांची सहल ठरते आहे. पंचवीस माणसं, त्यात सात-आठ जण सत्तरीचे, एक मोठी बस, सप्टेंबरअखेरचा शनिवार-रविवार. विषय आहे गोव्यातले नदीकाठचे किल्ले, राजवाडे आणि जुने वाडे. मांडवी, झुआरी, शापोरा, कुशावती.

माझं मत आधीच मांडतो. गोव्यातले हे किल्ले रस्त्यावरून बघितले की कळत नाहीत. ते बांधले गेले ते नदी पायी ओलांडायचे उतार, फेरी आणि नदीचं तोंड राखण्यासाठी. किल्ला बघायचा तर त्याच्या समोरचं पाणी, खालचं खाजन (बांध घालून नदीकडून मिळवलेली जमीन) आणि पलीकडचा काठही बघायला हवा. म्हणून यादी नको, क्रम हवा. कुठे कोणत्या वेळी जावं आणि बस कुठे अडते ते जाणकारांनी सांगावं.

चिरेबंदी
मताशी सहमत. पहिला दिवस पणजीपासून धरा. जुनं सचिवालय म्हणजे आदिलशहाचा वाडा, साधारण १५०० सालचा. त्याला खाऱ्या पाण्याचा खंदक आणि ५५ तोफा होत्या. १७५९ मध्ये व्हाइसरॉय तिथे राहायला आले. आज नदी आणि वाडा यांच्यामध्ये रस्ता आहे, त्यामुळे खंदकाची कल्पना येत नाही. रस्ता ओलांडून नदीच्या कठड्याला टेकून वाड्याकडे तोंड करून उभं राहा, मग तो पाण्यातून वर आलेला दिसतो. विधानसभा २००० पर्यंत तिथेच भरत होती.

तिथून रेइश मागुश. १५५१ चा किल्ला, १९९३ पर्यंत तुरुंग, दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये लोकांसाठी खुला झाला. आत मारियो मिरांडांच्या चित्रांचं दालन आहे. सोमवारी बंद असतो. चर्चजवळून वर जाणारा चढ ज्येष्ठांना दमवतो, त्यांना हळूहळू न्या.

शापोरापार
रेइश मागुशच्या बुरुजावरून समोर मिरामारकडे बघायला विसरू नका. तिथे गास्पार दियशचा किल्ला होता, आता उभा नाही. इथून आणि तिथून अशा दोन्ही काठांवरच्या तोफांनी मांडवीचं तोंड बंद करता येत असे. एकाच बाजूचा किल्ला बघून ही रचना लक्षात येत नाही. १७३९ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांनी बार्देश घेतला तेव्हा रेइश मागुश आणि आग्वाद हे दोनच हाती लागले नाहीत. दोन्ही मांडवीच्या तोंडावर आहेत, म्हणजे पोर्तुगीजांना जहाजातून रसद मिळत राहिली. कारण तेच.

खाजनवाट
वेळेबद्दल विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो, कारण सगळा बेत यावरच उभा राहतो.

आपल्याकडे दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. एका भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास बारा-पंधरा मिनिटं, आणि रोज वेळ साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टक मिळतं, तेच धरा. आत नदीत जसजसे वर जाल तसतशी भरती उशिरा पोचते. मांडवीत तिचा परिणाम तोंडापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवतो.

कोष्टक हाताशी नसेल तर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमारास. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा. सकाळी सहाला भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरतो.

आता ओहोटीला काय बघायचं. एक, गोवा वेल्हा-आगशी भागातला झुआरीचा काठ. कदंबांनी राजधानी चांदरहून गोपकपट्टणला आणली, त्या बंदराची चिऱ्यांची बांधणी काठाला आहे, पाणी उतरलं की जास्त उघडी पडते. दोन, मानस. मानस चालू असताना बघायची तर पाणी उतरायला लागल्यावरच बांधावर उभं राहायला हवं.

सातशिरी
खाजनवाट दादा, मानस म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांसाठी थोडं लिहा. धाग्यावर पुण्या-कोल्हापूरकडचेही लोक असतात.

खाजनवाट
सातशिरी ताई, लिहितो.

खाजन म्हणजे भरतीच्या पातळीहून खालची जमीन, बांध घालून नदीकडून मिळवलेली. बांध चिखलाचा, पाण्याकडच्या अंगाला चिऱ्यांचा दगड. बांधात एका ठिकाणी दार असतं, ती मानस. चिऱ्यांच्या दोन भिंती आणि मध्ये लाकडी झडपा, वरून बिजागरीवर टांगलेल्या किंवा दोन फळ्या एकमेकींना भिडणाऱ्या. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं, झडप आपोआप बंद होते. ओहोटीला बाहेरची पातळी खाली जाते, आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. दिवसातून दोनदा हे घडतं, माणसानं हात लावायची गरज नाही. मानशीच्या आतल्या अंगाला खोल डोह असतो, त्याला पोय म्हणतात. शेतात न जाता पाणी तिथे थांबतं.

जवळून बघितलं की एक गोष्ट दिसते. पाणी उतरायला लागलं की झडपेच्या खालच्या कडेला आधी फेसाची एक पांढरी रेघ येते. मग फळी बोटभर हलते, आणि एकदम धपकन उघडून गढूळ पाण्याचा लोट सुटतो. त्या लोटात कोळंबी असते, म्हणून तिथे जाळं लावलेलं असतं.

बिघडतं ते असं. खेकडे बांधात बिळं करतात, बिळातून झिरपा सुरू होतो, एका उधाणात त्याचं भगदाड होतं. दुसरं म्हणजे मासळीसाठी भरतीच्या वेळी झडप मुद्दाम उघडी ठेवणं. मानशीवरच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, ती घेणाऱ्याला जास्त मासळी हवी असते. खारं पाणी दोन-चार भरत्या आत राहिलं की भातशेती गेली. कोरगुट जातीचा भात खारेपण सोसतो, पण त्यालाही मर्यादा आहे. पहिल्या पावसानं जमिनीतलं मीठ धुऊन जावं लागतं, तेव्हाच पेरणी होते.

चिरेबंदी
+१. पणजी ते रायबंदर रस्ता याच चिखलावर आहे, १६३३-३४ मध्ये लिन्यारिशच्या कौंट व्हाइसरॉयनं बांधलेला पूल, सुमारे सव्वातीन किलोमीटर. पाणी दोन्ही बाजूंना खेळतं राहावं म्हणून कमानी ठेवल्या आहेत. बस या रस्त्यानंच न्या, बाहेरच्या महामार्गानं नको. दोन्ही बाजूंची मिठागरं आणि खारफुटी बघत जुन्या गोव्याला पोचता येतं. सप्टेंबरमध्ये मिठागरं पाण्याखाली असतात, मीठ पिकतं ते कोरड्या दिवसांत.

हळर्णकर
पेडण्याला वगळू नका. हळर्णचा किल्ला शापोऱ्याच्या काठावर आहे, भोसल्यांचा, आणि लोकांना त्याची फारशी माहिती नाही. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला आणि घेणाऱ्या व्हाइसरॉयला पुढे "मार्किश द आलोर्ना" ही पदवी मिळाली. एका गावच्या किल्ल्याचं नाव लिस्बनच्या सरदार घराण्याला चिकटलं. तेरेखोलही त्याच साली घेतला, तो खेम सावंतांनी बांधलेला.

पण तेरेखोलच्या आत हॉटेल आहे, म्हणून पंचवीस जणांना न्यायचं तर आधी विचारा. केरीहून फेरी आहे. ओहोटीला धक्क्याजवळ पाणी कमी पडलं की फेरी थांबते, मग वळसा घालून जमिनीच्या मार्गानं जावं लागतं. किल्ला उत्तर काठावर असल्यामुळे सिंधुदुर्गाच्या बाजूनं तो जमिनीनं जोडलेला आहे.

शापोरापार
हळर्णकर, हळर्ण चांगला आहे, पण सप्टेंबरमध्ये ज्येष्ठांना तिथे नेऊ नका. गवत कमरेएवढं असतं आणि गवतात विहीर, पडकी चौथरी काही दिसत नाही. घोणस आणि फुरसं हे विषारी साप गवतात आणि चिऱ्याच्या फटीत असतात. जायचंच असेल तर काठीनं पुढचं गवत बडवत एका रांगेत.

त्यापेक्षा कोरजुवें घ्या. हळदोण्याच्या पोलादी तारांनी पेललेल्या पुलावरून बेटावर जाता येतं, तो पूल २००४ चा. किल्ला १७०५ चा, चौकोनी, लहान, कोपऱ्यांना बुरुज. भिंतीवर चढायला उतरण आहे, पायऱ्या नाहीत, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही जमतं. वर चढलं की नदीचं वळण आणि खाजन दोन्ही एका नजरेत येतात. अर्धा तास पुरतो.

हळर्णकर
गवताचं मान्य. पण डिसेंबरात जाणाऱ्यांनी हळर्ण सोडू नये, एवढं लिहून ठेवतो.

चुनेवाला
चिऱ्यावर चालण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. पावसाळ्यात जांभ्यावर दोन प्रकारचं शेवाळ असतं. काळं, वाळलेलं दिसणारं, ते पायाला धरतं. हिरवं, तकतकीत, ते साबणासारखं. पायरीच्या मधोमध लोकांच्या पायांनी हिरवं निघालेलं असतं, म्हणून कडेनं न चालता मधून चाला. उतरताना पाय आडवा टाका. रबरी तळ गुळगुळीत झालेली चप्पल असेल तर वर जाऊच नका. आग्वादच्या उतरत्या तटावर आणि शापोऱ्याच्या चढावर हाच धोका.

आग्वादची टाकी मात्र नक्की बघा. १६१२ चा किल्ला, नावच पाण्यावरून पडलेलं. टाकीत सुमारे २३,७६,००० गॅलन पाणी मावत असे, जहाजं इथे पाणी भरून जात. समुद्राच्या तोंडाशी, खाऱ्या नदीच्या काठावर एवढं गोडं पाणी साठवणं हेच त्या किल्ल्याचं खरं बळ.

रायबंदरकर
चुनेवाला बाब, किल्ल्यांच्या डागडुजीत सिमेंट वापरतात ते चूक की बरोबर? सिमेंट टिकाऊ असतं, चुना दर दोन-तीन वर्षांनी करावा लागतो. पैसा कुठून आणायचा?

चुनेवाला
चूक. जांभा सच्छिद्र आहे, पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. वर सिमेंट थापलं की पाणी आत अडकतं. आतली पिवळी-पांढरी माती विरघळून निघते आणि दगड मधाच्या पोळ्यासारखा पोकळ होतो. बाहेरून सिमेंटचा पापुद्रा धड दिसतो, आत चिऱ्याचा भुगा. मग एका पावसाळ्यात अख्खा थर दगडाचा तुकडा घेऊन पडतो. चुन्याचा गिलावा स्वतः झिजतो आणि दगड वाचवतो. तो दर काही वर्षांनी करावा लागणं हेच त्याचं काम आहे. चुना निदान पंधरा दिवस, जमलं तर महिनाभर पाण्यात भिजलेला हवा, नाहीतर भिंतीवर गेल्यावर फुगतो आणि फोड येतात.

दुसरा गैरसमज, लाल दगड उघडा ठेवला की ऐतिहासिक दिसतं हा. यातले बहुतेक बांधकाम मुळात गिलाव्यानं झाकलेलं होतं. जुन्या गोव्याच्या बोम जेझू बासिलिकेचा गिलावा १९५०च्या दशकात काढला, आणि तेव्हापासून पावसाचा मार सरळ चिऱ्यावर बसतो. ती परत झाकावी की नाही हा वाद आजही चालू आहे. माझं मत झाकावी.

चिरेबंदी
बोम जेझूच्या बाबतीत असहमत. तीन पिढ्यांनी ती लाल रूपातच बघितली आहे, लोकांच्या मनातली तीच. पण पावसाचा मार कमी करायला पश्चिमेच्या अंगाला काहीतरी करायला हवं, तेवढं मान्य.

चुनेवाला
मनातली प्रतिमा शंभर वर्षं टिकावी म्हणूनच झाकायची. असो, वेगळा धागा काढू.

जुवेंकर
जुवे, म्हणजे सांतु इस्तेव बेट, कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री ओहोटी बघून संभाजीराजांच्या माणसांनी पाणी ओलांडलं आणि या बेटावरचा किल्ला घेतला. फोंड्याचा वेढा व्हाइसरॉयच्या अंगलट आल्यानंतरची ही गोष्ट. मांडवीकाठ यांनी मांडलेलं मत यापेक्षा चांगलं कुठे सिद्ध होणार? टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत, आणि तिथून खाली जुन्या गोव्याकडे बघितलं की राजधानी किती जवळ होती ते कळतं. माशेलच्या बाजूनं रस्त्यानं जाता येतं.

पाण्यात मात्र उतरू नका. शेजारच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, बांधावरही येऊन पडतात. चिखलात पाय टाकण्याआधी काठ नीट बघून घ्यावा.

सातशिरी
अवांतर: जुव्याला गेलात तर बाजारात सात शिरांची भेंडी मिळते का ते बघा. शाकेचो जुवो म्हणतात ते त्यासाठीच. शिरा मोजूनच घ्या, पाच शिरांची कुठेही मिळते. :)

रायबंदरकर
माझं नाव बघूनच कळेल, पण दिवाडीची फेरी सोडू नका. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयची कमान, १५९७ ची, वास्को द गामाच्या पणतवानं उभारलेली, पडल्यावर १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली. नदीच्या बाजूनं तिच्यातून आत शिरायचं, कारण येणारा व्हाइसरॉय तसाच शिरत असे. बस वर चौकात थांबवा, सगळ्यांना फेरीधक्क्यापर्यंत चालत खाली न्या आणि तिथून मागे वळून कमानीतून वर या. पाच मिनिटांचं काम, पण सगळं दृश्य बदलतं. पुढे सेंट कायतान चर्चच्या आवारात आदिलशहाच्या राजवाड्याच्या दाराची चौकट उभी आहे. राजवाडा गेला, तीन काळे दगड राहिले.

मोठी बस फेरीत घालू नका. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो, बसचं मागचं पोट घासतं, आणि उघड्या पडलेल्या उतारावर चिखल असतो. बस जुन्या गोव्यात ठेवा, माणसं पायी फेरीत. दिवाडीवर पियेदादच्या टेकडीवर दफनभूमीतलं छोटं देऊळवजा बांधकाम बघा, छताचं कोरीव काम कदंबकालीन आहे.

केपेंवाली
वाड्यांबद्दल सगळे गप्प! दक्षिणेचा दिवस वेगळा ठेवा.

चांदरचा मिनेझिश ब्रागांझा वाडा. दोन भाग, दोन कुटुंबं, दोन वेगळी दारं. प्रत्येक भागात वेगळं दान ठेवायची पद्धत आहे, म्हणून सुटे पैसे दोन पाकिटांत घाला. आत फोटो काढत नाहीत. पंचवीस जण एकदम शिरले की जुन्या फळ्यांच्या जमिनीवर ताण येतो, बारा-तेरांचे दोन गट करा. एक गट आत, दुसरा बाहेर चांदरच्या कोटाकडे, तिथे उत्खननातला देवळाचा पाया आणि शीर नसलेला नंदी आहे. हे चंद्रपूर, कुशावतीच्या काठावरची जुनी राजधानी.

मग केपें. पालासियु दु देयांव, १७८७ चा, केपें वसवणाऱ्या धर्मगुरूनं बांधलेला, चर्चच्या समोर, मागे बाग उतरत कुशावतीपर्यंत जाते. खिडक्यांना काच नाही, शिंपल्याच्या चौकोनी चकत्या आहेत. दुपारी बाराला आतून बघा. ऊन दुधासारखं होऊन जमिनीवर पडतं आणि लाकडी पट्ट्यांची जाळी त्यात दिसते. डोळ्याला त्रास नाही, उष्णता आत नाही, आणि पावसाचा मारा सोसतं. जेवणासाठी दोन-तीन दिवस आधी कळवावं लागतं, न कळवता पंचवीस जणांना कोणी जेवू घालणार नाही.

अडचण एकच. मडगावहून केपेंला जाताना पारोड्याला कुशावतीचं पाणी रस्त्यावर येतं. जोराचा पाऊस रात्रभर झाला तर सकाळी फोन करून विचारून निघा.

खाजनवाट
वाड्यांच्या जोत्याकडे लक्ष द्या, केपेंवाली ताईंनी म्हटल्याप्रमाणे नुसत्या खिडक्या नव्हेत. नदीजवळचे वाडे पाच-सात पायऱ्या वर उचललेले असतात. जमिनीतली ओल चिऱ्यातून चढते, ती जोत्यातच जिरावी म्हणून. हिंदू वाड्यांत मध्ये राजांगण, म्हणजे उघडा चौक, असतं, सगळं छत आतल्या बाजूला उतरतं आणि पाणी तुळशीभोवतालच्या नाळीतून बाहेर काढलेलं असतं. नाळ तुंबली की अख्खा वाडा ओला. म्हणून मृगाआधी नाळी साफ करायची रीत.

मांडवीकाठ
सगळ्यांचे आभार, बरंच हाती आलं. आता मूळ प्रश्नाकडे. आमचा शनिवार षष्ठीला येतो. पाऊणपटीनं भरती साडेचारला, ओहोटी सकाळी पावणेअकराच्या सुमारास. मग शनिवारी सकाळी आगशीचा काठ, दुपारी जुनं गोवें, असं करू?

खाजनवाट
हिशेब बरोबर, पण अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि षष्ठी त्याच्या जवळची. पाणी चढतं थोडं, उतरतंही थोडं. उधाणात दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, भांगात त्याच्या निम्म्याच्या आसपास. काठ पुरेसा उघडा पडणार नाही. पौर्णिमेजवळचा दिवस घ्या, ओहोटी संध्याकाळी साडेपाचला येते, उजेडही असतो.

केपेंवाली
भाद्रपद पौर्णिमा लागली की पुढे पितृपक्ष, अर्धी माणसं येणार नाहीत. कोजागिरीला न्या. पाऊस ओसरलेला, पारोड्याचा रस्ता कोरडा, गवत पिवळं पडायला लागलेलं.

जुवेंकर
कोजागिरीला +१. दुपारनंतर गडगडाट झाला तर मात्र बुरुजावरून लगेच खाली या, ऑक्टोबरच्या विजा वाईट. क्रम असा धरा: पहिल्या दिवशी सकाळी सचिवालय आणि रेइश मागुश, दुपारी रायबंदरच्या रस्त्यानं जुनं गोवें, कमान आणि चौकट, मग साडेपाचला आगशी. दुसऱ्या दिवशी चांदर, बाराच्या उन्हात केपें, परतताना राशोलच्या किल्ल्याचं वेशीचं दार. आग्वाद आणि कोरजुवें पुढच्या वेळी, दोन दिवसांत कोंबू नका.

मांडवीकाठ
ठरलं, कोजागिरी. केपेंच्या जेवणाचं उद्याच कळवतो. रेइश मागुशचा वार पंचांगात तपासला, सोमवार येत नाही. जुवेंकर, आगशीला बस कुठपर्यंत जाते?

जुवेंकर
मोठी बस मुख्य रस्त्यावरच थांबवा, आतली वाट अरुंद आहे आणि वळायला जागा नाही. तिथून चालत. ज्येष्ठांसाठी एक लहान गाडी बरोबर ठेवा, आणि प्रत्येकाच्या हातात विजेरी. काठावरून परत येईपर्यंत सात वाजतील, आणि चंद्र असला तरी माडांखाली अंधारच असतो.